केवळ वजनाचा आकडा पुरेसा नाही

रोलर कोस्टरच्या प्रवेशद्वारावर वजनाची मर्यादा ठळकपणे लिहावी, असे एका लेखात सुचवले आहे. परंतु आसनात कोण बसू शकेल हे वजनापेक्षा शरीराच्या ठेवणीवर अधिक अवलंबून असते. मांडीवर येणाऱ्या दांड्याला पोटाचा घेर आणि मांड्यांची जाडी आड येते, तर खांद्यांवरून उतरणारे कवच रुंद छातीला किंवा उंच धडाला अडते, त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोघांपैकी एकाला प्रवेश मिळतो आणि दुसऱ्याला सर्वांसमोर उतरावे लागते. हा अपमान टाळता येण्याजोगा आहे. चाचणीचे आसन रांगेच्या सुरुवातीलाच, थोड्या आडोशाला ठेवावे आणि मोठ्या बांध्यासाठीची आसने कोणत्या ओळीत आहेत हे तिथेच लिहावे.

मात्र सोय म्हणून दांडा सैल ठेवणे मला अजिबात मान्य नाही. दांडा मुख्यतः मांड्या आणि ओटीपोट धरून ठेवतो; २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक धावत्या कोस्टरमधून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. दांडा बंद झाला एवढ्यावर समाधान न मानता तो शरीराला नेमका कुठे टेकतो, हे कर्मचाऱ्याने प्रत्येक वेळी हाताने तपासलेच पाहिजे.