‘गणिताला कसली संस्कृती?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शिकवताना मुलांच्या घरची संस्कृती लक्षात घ्यावी, हा सांस्कृतिक वैविध्य आणि अध्यापन या लेखाचा मुद्दा. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या संस्कृतीप्रमाणे शिकवणं अशक्य आहे; गणिताला संस्कृती नसते; आणि मुलांना घरच्याच गोष्टींत रमवलं की दर्जा घसरतो. तिन्ही आक्षेप शिक्षकखोलीत नेहमी ऐकू येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

गणितापासून सुरुवात करू. गुणाकाराचं उत्तर जगात कुठेही तेच येतं, यात वादच नाही. पण मूल त्या उत्तरापर्यंत कुठल्या वाटेने पोचतं, हे त्याच्या घरच्या व्यवहारावर अवलंबून असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नुनेस, कॅराहर आणि श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर, बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बारा वर्षांच्या एका मुलाला गिऱ्हाईक बनून विचारलं, ३५ ला एक, तर चार नारळांचे किती? त्याने तोंडीच केलं: तिनाचे १०५, अधिक ३० म्हणजे १३५, एक नारळ ३५ चा, म्हणून १४०. पुढे तेच ३५ × ४ कागदावर दिलं. पाच चोक वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच. पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००! पाचही मुलांची मिळून बाजारातली उत्तरं ९८ टक्के बरोबर होती, नुसत्या आकड्यांत मांडलेल्या गणितांची ३७ टक्के.

कागद बघणारा शिक्षक म्हणेल, गुणाकार येत नाही, पाढे पाठ करा. पण पाढे चुकलेलेच नाहीत. हातचा गुणाकाराआधी मिळवला गेला, एवढीच चूक आहे. उलट चाराचे तीन आणि एक असे भाग पाडणं हा वितरणाचा नियम त्याला पक्का अवगत आहे. अशा मुलासाठी फळ्यावर आधी त्याचीच रीत लिहावी, १०५ + ३५. मग त्याच नियमाने ३० × ४ आणि ५ × ४ वेगळे मांडावे, १२० + २०. हातचे दोन म्हणजे हे वीस, हे दिसलं की ते कधी मिळवायचे हे वेगळं सांगावं लागत नाही. संस्कृतीशी जोडून गणित शिकवणं म्हणजे एवढंच. उदाहरणात नारळाचं चित्र काढून ते होत नाही.

आता चाळीस मुलं. चाळीस पाठनियोजनं कोणीच मागत नाही. बदलायची असते ती वर्गात बोलण्याची पद्धत. शिक्षकाने प्रश्न विचारायचा, एकाने हात वर करून उत्तर द्यायचं, शिक्षकाने बरोबर-चूक सांगायचं, ही पद्धतसुद्धा एका संस्कृतीचीच आहे. काही घरांत मोठी माणसं मुलांना उत्तर स्वतःला ठाऊक असलेले प्रश्न विचारतच नाहीत. तिथलं मूल वर्गात गप्प बसलं की ‘कच्चं’ ठरतं. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर शिक्षण-संशोधक कॅथरिन आउ यांनी स्थानिक हवाईयन मुलांचे वाचनाचे तास अभ्यासले. मुलांना एकमेकांच्या बोलण्यात बोलणं मिसळत उत्तर रचू दिलं, विषयाची दिशा मात्र शिक्षिकेने सोडली नाही, आणि चर्चा धड्यावर टिकली.

यातही एक धोका आहे, आणि मला तो तुमच्या आक्षेपांहून मोठा वाटतो: तयार नुस्खा उचलणं. हवाईतल्या मुलांच्या बोलण्याच्या रीतीवर बेतलेला हाच वाचनाचा कार्यक्रम अमेरिकेतल्याच ॲरिझोना राज्यात रफ रॉक इथे नावाहो या मूलनिवासी समाजाच्या मुलांसाठी नेला तेव्हा तो जसाच्या तसा चालला नाही. त्या मुलांना गोष्ट मध्येमध्ये थांबवून चर्चा नको होती, आधी सगळी ऐकायची होती. गटही लहान करावे लागले. म्हणून ‘अमुक समाजाची मुलं करूनच शिकतात’ अशी विधानं टाळावीत. एखाद्या मुलाला उभं करून ‘तुमच्यात कसं असतं, सांग’ म्हणणं तर नकोच. ते मूल अख्ख्या समाजाचं प्रतिनिधी नाही.

त्यापेक्षा आपलाच वर्ग बघा. बैठकीचा आराखडा कागदावर काढा आणि सहकाऱ्याला दोन तास मागे बसवून खुणा करायला सांगा: प्रश्न कोणाला गेला, किती थांबलात, उत्तरानंतर पुढे काही विचारलंत का. वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांच्या नोंदींत शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. मूल बोलून थांबल्यावरही तेवढंच थांबायचं असतं. हा भाग हमखास विसरतो. खुणांत एक कोपरा कोरा दिसला, तर महिनाभर एकच बदल करा: एक मिनिट लिहिणं, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गात उत्तर. पोर्शन यामुळे अडत नाही, कारण हा वेळ एरवी तेच ते पुन्हा समजावण्यात जातोच.

दर्जाबद्दल. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये संस्कृतीशी जोडलेल्या अध्यापनाच्या तीन कसोट्या मांडल्या: मुलांची शैक्षणिक प्रगती, स्वतःच्या संस्कृतीशी टिकलेलं नातं, आणि समाजाकडे चिकित्सकपणे बघण्याची ताकद. यातली पहिली सुटली तर बाकीचं नुसतं स्नेहसंमेलन. त्यामुळे सोपी प्रश्नपत्रिका किंवा ‘या मुलांना एवढं पुरे’ हे मलाही तुमच्याइतकंच अमान्य आहे. गटातली चर्चा मुलांनी घरच्या बोलीत करावी, लेखी उत्तर प्रमाणभाषेतच मागावं. फक्त त्या दोहोंमध्ये पाच मिनिटं ठेवावीत: मुलांचं वाक्य त्यांच्या शब्दांत फळ्यावर लिहायचं, आणि त्याच्याच खाली परीक्षेत चालेल असं वाक्य त्यांच्याकडूनच तयार करून घ्यायचं.