हनोईच्या आधी लगेज लावून तुळजापूरचा घाट चढा

परदेशात सायकल टूर करायची ठरली की ग्रुपमधली पहिली चर्चा सायकल कुठली घ्यायची यावर रंगते. माझं मत स्पष्ट आहे. लाखाची सायकल घेतली म्हणून टूर पार पडत नाही, आणि साध्या सायकलीमुळे ती अडतही नाही. टूर अडते गिअरजवळच्या, तळहाताएवढ्याही नसलेल्या हँगर नावाच्या तुकड्यावर, कॅरिअरच्या एका बोल्टवर आणि मित्रांनी आधी न बोललेल्या गोष्टींवर. हे सगळं विमानात बसण्याआधी सोलापुरातच तपासता येतं, म्हणून ही मोठी पोस्ट.

उदाहरण व्हिएतनामचं घेते. हनोई ते हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगाव, साधारण १७५० किलोमीटर. दिवसाला ८५ धरले तर २०-२१ दिवस सायकलवर आणि विश्रांतीचे चार दिवस वेगळे. इतकी रजा नसेल तर उत्तरेकडचा भाग रेल्वेने करा. सायकल मात्र बरेचदा वेगळ्या गाडीने येते, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवा. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून असतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला या. सप्टेंबर ते नोव्हेंबर मध्य किनाऱ्यावर वादळं आणि पूर, ते महिने सोडा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष, तेत, येतं; तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या, त्या तारखा बघून तिकीट काढा. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, फक्त नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा.

आता चढ. सोलापूरच्या सपाटीवर सायकल चालवून पायांना वेग येतो, पण गिअर कमी पडतोय हे कळत नाही. ह्युए आणि दा नांगच्या मध्ये हाय व्हान घाट आहे, जवळपास ५०० मीटर उंच, चढ सुमारे १० किलोमीटरचा. गाड्यांसाठी खाली बोगदा आहे, सायकलला तिथे प्रवेश नाही. म्हणजे घाट चढायचाच. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ची असेल, तर मिनिटाला ६० पॅडल मारताना वेग ताशी साधारण साडेनऊ किलोमीटर होतो. दहा किलो लगेज घेऊन तीव्र वळणावर वेग साडेसहावर येतो, पॅडल मिनिटाला चाळीसच्या आसपास पडतात आणि सगळा जोर गुडघ्यावर जातो. मागे ३४ची चकती बसवली तर तोच साडेसहाचा वेग ५० पॅडलवर मिळतो. पुढे ३० आणि मागे ३६ असेल तर उत्तमच. पण नुसती कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून भागत नाही. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढ्या दातांना चालतो का ते बघा आणि चेनही त्या मापाची लांब घ्या. आखूड चेन पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर ताणली गेली की डिरेलरच उपटून निघतो.

चाचणी अशी करा. टूरला नेणार तेच लगेज, त्याच बॅगा, तेच बूट. पहिल्या दिवशी पंढरपूर, ७० किलोमीटरच्या वर. मुक्काम. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी न थांबता तुळजापूर, घाट चढून, उतरून, पुन्हा चढून. एका दिवसात शंभर किलोमीटर कुणीही मारतो. सीटखालची कातडी, तळहाताच्या मुंग्या आणि गुडघा खरं काय ते तिसऱ्या दिवशी सांगतात. पॅडवाल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही आणि रोज धुऊन कोरडीच घालायची, म्हणून दोन शॉर्ट लागतातच. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर बहुतेक वेळा सीट खाली आहे. टाच पॅडलवर ठेवून पाय पूर्ण खाली गेल्यावर सरळ व्हायला हवा. उंची जमली की सीटच्या दांड्यावर चिकटपट्टी लावून खूण करा.

याच चाचणीत कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात. होऊ द्या, इथेच होऊ द्या. पाच एमएमचे असतात आणि लगेजच्या थरथरीने फिरत सुटतात. ढिल्या बोल्टवर भार आडवा पडतो, मग तो फ्रेमच्या आतच तुटतो आणि तुकडा बाहेर निघत नाही. नायलॉनवाले नट लावा, थ्रेडला लॉकिंग द्रव लावा, चार जादा बोल्ट जवळ ठेवा आणि रोज सकाळी चार नंबरच्या ॲलन कीने हात फिरवा.

सगळ्यांच्या चाकाचं माप आणि व्हॉल्व्ह एकच असेल तर सहा जणांत ट्यूब निम्म्या लागतात. वाटेवरच्या मोटरसायकल पंक्चरवाल्याकडे पंप मोटारच्या व्हॉल्व्हचा असतो. तुमचा बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवा. स्पोक तुटतात ते मागच्या चाकाचे, गिअरच्या बाजूचे, कारण ताण तिथे जास्त असतो. आपल्या चाकाच्या मापाचे चार स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधा आणि चाकाचा आउट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, निघण्याआधी शिका.

हँगर म्हणजे मागचा डिरेलर जिथे अडकतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. त्याचे प्रकार शेकड्याने आहेत, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. म्हणून प्रत्येकाने स्वतःचा जादा हँगर आणायचा. तो वाकतो कुठे? बहुतेक वेळा विमानाच्या खोक्यात, सायकल उजव्या कुशीवर पडली की. म्हणून पॅक करताना डिरेलर पाच नंबरच्या ॲलन कीने हँगरवरून सोडवा, केबल आणि चेन राहू द्या, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आत बांधा. पॅडल काढताना डावं पॅडल उलटं फिरतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठा घाला. कुणी लिव्हर दाबला तर पॅड आवळून बसतात. उतरल्यावर सायकल जोडली की मागे उभं राहून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या आणि वरची कॅसेट एका उभ्या रेषेत हव्यात. तिरपं दिसलं तर सर्वांत हलका गिअर टाकू नका, डिरेलर स्पोकमध्ये जाईल.

खोक्यासकट वजन २३ किलोत बसवा. विमान कंपनीचा सायकलीचा नियम तिकिटाआधी वाचा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, पाने-पकडी खोक्यात, गॅसची छोटी नळकांडी नेऊच नका. सहा खोकी मुंबईला न्यायला पिकअप ठरवा. रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये खोकं गाडीबरोबर चढेलच याची खात्री नाही.

व्हिएतनाममध्ये वाहतूक उजवीकडून. आरसा हँडलच्या डाव्या टोकाला लावा. हनोईतून पहाटे निघा, डावीकडून चालवायची सवय गर्दीत मोडायला जाऊ नका.

आणि मित्र. सर्वांत पुढे कोण, सर्वांत मागे कोण हे रोज ठरवा. हत्यारांची पिशवी नेहमी शेवटच्याकडे. बिघाड होणारा मागे पडतो, आणि पाने दहा किलोमीटर पुढे गेलेल्याकडे असतील तर उपयोग शून्य. प्रत्येक वळणावर सगळे जमेपर्यंत थांबायचं. वर्गणीचे पैसे एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे. कुणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर कोण थांबणार आणि त्याचा वाढीव खर्च कोण करणार, हे तिकीट काढण्याआधी लिहून ठेवा. हे विचारायला लोकांना संकोच वाटतो, पण परक्या गावात ताप चढलेल्या माणसासमोर ही चर्चा करणं त्याहून फार वाईट.

शाकाहारींनी लक्षात ठेवा, तिथल्या भाजीतही माशाचा सॉस असतो. आपली कडक भाकरी आठवडाभर सहज टिकते, शेंगा चटणीही. भाकरी बॅगेत चुरते म्हणून डब्यात ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत नको.

एकाच दिशेची टूर असेल तर हनोईचं खोकं तिथेच सोडावं लागतं. सायगावला पोहोचताच सायकलच्या दुकानात सहा रिकामी खोकी सांगून ठेवा आणि परतीच्या विमानाआधी पॅकिंगसाठी पूर्ण एक दिवस राखा.