एक स्टार देणाऱ्या भाऊंना वरुडच्या अक्वेरियमवाल्याचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले कोरल (प्रवाळ) गेले, पैसा गेला, मनस्ताप झाला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण तुम्ही लिहिलंय, "फॉस्फेट उतरवणं एका दिवसाचं काम. याने पैशासाठी महिनाभर ताणलं आणि शेवटी टँक मारला." हे जिव्हारी लागलं. बाकी काही बोलला असता तर ऐकून घेतलं असतं, पण वेळेबद्दलचा आरोप मला मान्य नाही आणि का मान्य नाही ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल, कारण आरोपही सगळ्यांसमोरच केलाय.

तुमच्या चार फुटी टँकचं पाणी पहिल्यांदा तपासलं तेव्हा फॉस्फेट (शेवाळ माजवणारा क्षार) 0.8 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.8 मिलिग्रॅम निघालं. कोरलच्या टँकला ते साधारण 0.03 ते 0.1 च्या मधे असलेलं बरं. दगडांवर हिरवं शेवाळ माजलेलं, झोआ (बटणासारखे छोटे कोरल) अर्धवट मिटलेले. तेव्हाच मी म्हटलं होतं, हे हळूहळू उतरवावं लागेल. एवढ्या फॉस्फेटमध्ये महिनोनमहिने राहिलेला कोरल त्याला सरावलेला असतो. एका रात्रीत काढून घेतलं की त्याला धक्का बसतो, रंग उडतो, तो मिटून जातो. आणि अगदी शून्यावर नेलं तरी चालत नाही. कोरलच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल असतं, ज्याच्यावर तो जगतो, त्यालाही थोडं फॉस्फेट लागतंच. शून्य झालं की डायनोचा (एक सूक्ष्म जीव) तपकिरी चिकट थर पसरण्याची भीती असते, आणि तो काढणं शेवाळापेक्षा अवघड.

दुसरं म्हणजे दगड. "आज कमी केलं, परवा पुन्हा चढलं, म्हणजे औषध बनावट," असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, टँकमधला दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातलं कमी झालं की आतलं बाहेर सोडतात. पावसात मुरलेल्या भिंतीसारखं आहे ते, वरून कितीही पुसा, आतून ओल येतच राहते. म्हणून रिॲक्टरमधला (ज्या नळकांड्यातून टँकचं पाणी फिरवतात त्यातला) लोहाचा मीडिया (तो लालसर-काळा दाणा, जीएफओ) एकदा भरून भागत नाही. तो फॉस्फेट धरून धरून भरतो, मग बदलावा लागतो. रिॲक्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचं रीडिंग टँकइतकंच आलं की समजायचं, दाणा संपला. दर खेपेला तुमच्यासमोर दोन्ही रीडिंग घेऊनच मी दाणा बदलला. पैसे फक्त दाण्याचे घेतले, येण्याजाण्याचे नाही.

आता मूळ. फॉस्फेट येत कुठून होतं, हे शोधायलाच जास्त वेळ गेला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही म्हणाला, "आम्ही तर आरओचंच पाणी टाकतो." स्वयंपाकघरातल्या त्या आरओच्या पाण्यात मीटर बुडवला तर टीडीएस (विरघळलेले क्षार) 70 च्या वर. त्या मशीनमध्ये चवीसाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. प्यायला ते ठीक आहे. टँकला नाही. आणि तुमचं कच्चं पाणी संत्र्याच्या मळ्यातल्या विहिरीचं, तेही तपासलं तर त्यात फॉस्फेट होतं. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. टँकवर पंखा लावला की रोज पाच-सात लिटर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, बाकी सगळं टँकमध्येच राहतं, आणि वरून आपण तेच पाणी पुन्हा ओततो. त्यात फ्रोजन खाण्याचा तुकडा वितळला की त्याच्या पाण्यासकट टँकमध्ये. आरओच्या पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावा, टीडीएस शून्य येऊ द्या, तुकडा चाळणीत धुऊन टाका, हे तिन्ही मी सांगितलं होतं. वहिनींनी चाळणी लगेच वापरायला घेतली, त्यांचे आभार.

रीडिंग उतरत होतं. 0.8 वरून 0.2 पर्यंत आलं होतं. "हे म्हणतात 0.2 आणि माझ्या मशीनवर 65 येतं," असं तुम्ही लिहिलंय, त्याचंही सांगतो. तुमचा चेकर फॉस्फेट नाही, त्यातला नुसता फॉस्फरस दाखवतो, तोही पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग). 65 ला 3.066 ने गुणा आणि हजाराने भागा, 0.2 च येतं. दोन्ही मशीन बरोबर होती.

मग तुम्ही फोनवर म्हणाला, "रोज रोज थेंब थेंब कायले टाकाचं, एकदाच टाकून मोकळं होऊ." मी नको म्हटलं. तरी तुम्ही ऑनलाइन लॅन्थॅनम क्लोराइड (फॉस्फेटला धरून त्याचा गाळ करणारं औषध) मागवलं आणि बाटली सरळ टँकमध्ये रिकामी केली. ते औषध वाईट नाही. पण ते पातळ करून, सम्पमध्ये (टँकखालची फिल्टरची टाकी), बारीक फिल्टर सॉकच्या (गाळायच्या पिशवीच्या) तोंडाशी थेंबाथेंबाने सोडायचं असतं, म्हणजे जो पांढरा गाळ तयार होतो तो सॉकमध्ये अडकतो. नाहीतर तो गाळ माशांच्या कल्ल्यांत जातो, आणि ते औषध केएचही (पाण्याची क्षारता) खाली ओढतं. तुम्ही रात्री पाठवलेला व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. पाणी पांढरंफटक, क्लाऊन मासा वर येऊन तोंड उघडतोय, लेदर (मऊ) कोरल पूर्ण आडवा. तो व्हिडिओ मी इथे टाकणार नाही, तुमच्या घरातलं आहे ते. पण ही बाटली आमच्या दुकानातली नव्हती, एवढं तरी रिव्ह्यूमध्ये लिहायला हवं होतं.

हार्ड कोरल ठेवत नाही म्हणून "स्वस्तातला माल" म्हणालात. सगळे दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मी ते विकणार नाही, कितीही गिऱ्हाईक गेलं तरी.

तालुक्याच्या गावात खाऱ्या पाण्याचं दुकान चालवणं सोपं नाही. इथे बहुतेक लोक गोल्डफिश न्यायला येतात. कोरलवाले मोजकेच, अमरावतीहून, नागपूरहून, आणि ते आधी रिव्ह्यू वाचतात, मग गाडी काढतात. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो. घर याच्यावरच चालतं, भाऊ. "फसवणूक" हा शब्द तेवढा काढला तर उपकार होतील, स्टार एकच राहू द्या.

यापुढे रीडिंग आणि सूचना गिऱ्हाइकाला लिहून देण्याची काहीतरी सोय करतो.

टँक मोडू नका. दगड चांगला आहे, क्लाऊन वाचलाय. पाणी घेऊन या, तपासणीचे पैसे घेणार नाही. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरा आणि त्याच दिवशी आणा. मंगळवारी दुकान बंद असतं.