एलएलबीचा मुहूर्त

साताऱ्यात कुणी "एलएलबीला अर्ज करीन म्हणतो" असं बोललं की पुढचा अर्धा तास त्या माणसाचा राहत नाही. घरातले आप्पा म्हणतात, "आधी एमपीएससीचा एक अटेम्प्ट दे." मामा म्हणतात, "लग्न उरकून घे, मग बघू." बांधाचा दावा तिसऱ्या पिढीत चालवणारे शेजारचे तात्या मात्र पाठीवर थाप मारतात, "कर लेका, आजच कर. आपला म्हणून एक तरी मानूस पायजे कोर्टात." तात्यांचा हेतू शुद्ध आहे. फक्त त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बांध लागलेला आहे.

माझं म्हणणं असं, की वय, लग्न आणि अटेम्प्ट ही चर्चा चहापुरती ठीक. अर्जाची वेळ ठरवतात ते दाखले, आणि दाखल्यांना तुमच्या आयुष्याशी काही देणंघेणं नसतं.

वयाचं आधी मिटवू. बार कौन्सिलनं वयाची अट घालून पाहिली होती, तीन वर्षांच्या कोर्सला तिशीची. तिला सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्थगिती दिली. तेव्हा कॉलेजच्या पोरांशेजारी मिलिटरीतून सुभेदार होऊन उतरलेले काका बसतात आणि नोट्स काकांच्याच नीट असतात. वय आडवं येत नाही, हजेरी येते. नियमानं ७० टक्के लागते. "नोकरी सांभाळून करीन" म्हणणाऱ्यानं साहेबाकडे एकदा मोठ्यानं म्हणून बघावं.

टक्क्यांची अट सोपी दिसते आणि तिथंच पाय घसरतो. पदवीला खुल्या गटात ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. ४४.९ म्हणजे जवळजवळ ४५ हे आपण पाहुण्यांना सांगतो. पोर्टल पाहुणा नाही. त्यातून मार्कलिस्टवर टक्के नसून सीजीपीए असेल, तर घरी गुणाकार करून आकडा टाकू नये. विद्यापीठाचं सूत्र वापरावं, आणि जमल्यास टक्केवारीचं पत्र आधीच आणून ठेवावं. हे पत्र ज्याला तातडीनं हवं असतं त्याला ते तातडीनं मिळत नाही.

आता खरा मुहूर्त. सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास उघडतो, परीक्षा मार्च ते मे यांच्यात कधीतरी आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या पावसाळ्यात. हुशार माणूस काय करतो? जानेवारीत अर्ज भरतो आणि त्याच उत्साहात सेतू केंद्रात जाऊन नॉन-क्रिमीलेअरही काढून मोकळा होतो. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, तीन वर्षांचा हिशेब, तहसील, प्रांतांची सही, सगळं शिस्तीत. प्लास्टिकच्या फोल्डरात घालून कपाटात ठेवतो. जानेवारीतला तो दाखला एका वर्षाचा असला, तर ३१ मार्चला फोल्डरातल्या फोल्डरात वारतो. कॅपला लागतो प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षअखेरच्या ३१ मार्चपर्यंत जिवंत असलेला. हे कळतं जुलैत, छाननीचा शेरा आल्यावर. आणि जुलैत सेतूसमोर बारावी झालेली अख्खी पिढी आईबापासकट उभी असते. तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा. ३१ मार्च उलटला की सेतू गाठावा, रांग निम्मी असते. ईडब्ल्यूएसचा दाखलाही वर्षावर्षाचाच, त्यालाही हाच मुहूर्त. जात वैधता मात्र महिन्यांच्या हिशेबात चालते. ती ज्याच्या हातात नाही त्यानं सीईटीच्या पुस्तकाआधी पडताळणी समितीचं दार बघावं.

दुसरं दुखणं आडनावाचं. चव्हाण हे आडनाव मराठीत एकाच तऱ्हेनं लिहितात. इंग्रजीत ते दहावीच्या सर्टिफिकेटवर एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या आणि पदवीवर तिसऱ्या तऱ्हेनं असतं, कारण मधला 'एच' प्रत्येक कारकुनानं स्वतःच्या मर्जीनं बसवला किंवा उठवला. सूर्यवंशींची पंचाईत 'व्ही' की 'डब्ल्यू' अशी. अर्जात नाव भरताना दहावीचं सर्टिफिकेट समोर ठेवावं आणि आंधळ्यासारखं तेच उतरावं, चूक असली तरी. आपलं खरं नाव काय, हा विचार तेवढ्यापुरता सोडून द्यावा. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र आधीच काढलेलं बरं. "सासरी सगळे मला ओळखतात" हा पुरावा अपलोड होत नाही.

पदवी आणि अर्ज यांच्यात वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. ते कोर्टाबाहेर होतं. छत्रीखाली टेबल, टेबलावर स्टॅम्प पॅड, आणि टंकलेखकाकडे आधीपासून तयार मजकूर: "सदर कालावधीत मी घरीच होतो व कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतला नव्हता." पाच वर्षांच्या एमपीएससीचं एका ओळीत इतकं प्रामाणिक वर्णन दुसरीकडे वाचायला मिळणार नाही. सही करायची, नोटरी शिक्का मारतात, पैसे द्यायचे. वकील व्हायला निघालेल्या माणसाची पहिली फी वकिलालाच जाते.

परीक्षेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. संगणकावर दोन तास, मराठी-इंग्रजी दोन्हीत, कायदा, चालू घडामोडी, तर्क आणि इंग्रजी. सर्वांत जास्त गुण इंग्रजीला, म्हणून अभ्यास नेमका उरलेल्या तिन्हींचा केला जातो. चुकीला गुण कापत नाहीत. तरी काही सज्जन माणसं माहीत नसलेला प्रश्न कोरा सोडून येतात. असा संकोच पुढे उलटतपासणीत भोवेल.

फॉर्म नेट कॅफेवर भरलात तर एक करा: मोबाईल नंबर स्वतःचा टाका. घाईत कॅफेवाला आपलाच टाकतो, ओटीपी पटकन यावा म्हणून. मग "कागदपत्रात त्रुटी, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा" हा संदेश पोवई नाक्यावरच्या कुठल्यातरी दुकानात येऊन पडतो आणि तुम्ही घरी निवांत. पसंतीक्रमातही अशीच गंमत. पहिल्या नंबरला पुण्याचं कॉलेज लोक भाव खाण्यासाठी टाकतात आणि खाली हळूच साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज. पहिली पसंती लागली की ती पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही. मग पुणं खरंच लागतं आणि खोलीभाड्याचा आकडा ऐकून घरात सुतक पडतं. राहायचं असेल तिथलंच नाव वर टाकावं.

उशीर केलेल्यांना मात्र एक घबाड लागलं आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, खुनाचं ३०२ आता १०३ आणि आपलं लाडकं चारशेवीस ३१८(४). ज्यांनी वेळेवर प्रवेश घेतला त्यांनी घोकलेलं सगळं पुसलं. आळशांची पाटी कोरीच होती. अर्थात जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांनी चालायचे, म्हणजे शेवटी पाठ दोन्ही करायची.

ज्यांना थेट न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायचं होतं त्यांचं गणित २० मे २०२५ ला बदललं. सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ न्यायाधीशांच्या भरती परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. दुसरीकडे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसू लागलं, सातारा-सांगलीसह सहा जिल्ह्यांसाठी. तेव्हापासून सल्ल्याला नवी धार चढली आहे: "आता मुंबईला जायला नको, कर एलएलबी!" कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे हे खरं, महामार्गाचं रुंदीकरण किती किलोमीटर धरायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तर हिशेब असा. जानेवारीत अर्ज, एप्रिलात सेतू, पावसाळ्यात प्रवेश, सहा सेमिस्टर, निकाल, सनद, दोन वर्षांच्या आत बारची परीक्षा. एकही गोष्ट न चुकता चार-पाच वर्षं. हा हिशेब तात्यांना सांगितला तर ते बोटांवर मोजतात, अंगठ्यापाशी थांबतात आणि समाधानानं म्हणतात, "मग पुरतंय की. तवर आमच्या दाव्यात सायबानं म्हननं दाखल केलं तरी मिळवली."