मेंदूतला दाह म्हणजे शत्रूच का?

'मेंदूतला दाह कमी करा' असं सांगत गोळ्या-पावडरी विकणाऱ्यांचा मला आता वैताग आलाय. डोक्याला मार लागल्यावर आत जे पेटतं (हाच दाह, म्हणजे इन्फ्लमेशन) ते सरसकट विझवून टाकावं, हा विचारच मला अर्धवट वाटतो.

कौतुक नेहमी न्यूरॉनचं, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशींचं होतं. मार बसल्यावर आधी हलतात मात्र मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी. फुटलेल्या पेशींमधून एटीपी बाहेर सांडतं (हो, तेच, पेशींचं इंधन म्हणून शाळेत पाठ केलेलं) आणि काही मिनिटांत मायक्रोग्लियाचे फाटे जखमेकडे सरकतात. २००५ साली संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष पाहिलं.

ॲस्ट्रोसाइट या न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींचं काम सावकाश चालतं. पुढच्या काही दिवसांत त्या फुगतात, जीएफएपी नावाचं प्रथिन भरपूर बनवतात आणि जखम मोठी असेल तर तिच्याभोवती दाट व्रण विणतात. तुटलेले चेतातंतू या व्रणापाशी अडतात, म्हणून कित्येक दशकं तो खलनायक ठरला होता. मग उंदरांमध्ये या पेशींना व्रण बांधूच दिला नाही, तर दाह आजूबाजूच्या निरोगी भागात पसरला आणि जास्त न्यूरॉन मेले. २०१६ साली मज्जारज्जूच्या दुखापतीवरच्या प्रयोगात तर व्रण रोखूनही तंतू वाढले नाहीत. ज्याला अडथळा म्हणत होतो, ते कुंपणही होतं!

माणसांतला अनुभव याहून कडू आहे. डोक्याला इजा झालेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या 'क्रॅश' चाचणीत दोन आठवड्यांत स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. २००४ मध्ये ती थांबवावी लागली. स्टेरॉइडचे परिणाम शरीरभर होतात, त्यामुळे याचा सगळा हिशेब ग्लियाच्या, म्हणजे मायक्रोग्लिया-ॲस्ट्रोसाइटसारख्या पेशींच्या नावावर मांडता येणार नाही. तरी 'दाह कमी केला की भलंच होणार' ही खात्री तिथे कोसळली, एवढं नक्की.

उलट बाजूही आहे. काही जणांच्या मेंदूत मार लागून दहा-पंधरा वर्षं उलटली तरी मायक्रोग्लिया शांत झालेल्या नसतात. हे लांबलेलं प्रकरण मला खरं धोक्याचं वाटतं. पहिल्या आठवड्यात जे वाचवतं तेच इतकी वर्षं चालू राहिलं तर घातक ठरू शकतं. तेव्हा दोन्हींवर एकच औषध चालेल असं मला वाटत नाही, आणि आज तरी यातल्या एकासाठीही खात्रीचं औषध हाती नाही.