रात्री एकला दहा मिनिटे असताना

11 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या थेट विनोदी प्रहसनांच्या कार्यक्रमाची पन्नाशी 2025 मध्ये थाटात साजरी झाली आणि त्या निमित्ताने ‘आता पूर्वीची मजा राहिली नाही’ ही तक्रारही पुन्हा ऐकू आली. 1980 मध्ये निर्माते लॉर्न मायकल्स आणि मूळ कलाकारसंच बाहेर पडल्यावर ती बरीचशी खरी होती. तरीही त्याच पडत्या हंगामात एडी मर्फी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे आला.

मी अमेरिकेत शिकायला आलो तो काळ विल फेरेल आणि शेरी ओटेरी या कलाकारांचा होता, आणि अर्थातच तोच मला सर्वोत्तम वाटतो. एप्रिल 2000 मधल्या काउबेलच्या (गाईच्या गळ्यातल्या घंटेसारख्या वाद्याच्या) प्रहसनात अभिनेता क्रिस्टोफर वॉकन अत्यंत गंभीरपणे ‘अजून काउबेल’ मागत राहतो आणि जिमी फॅलनला हसू आवरत नाही, हे आजही आठवते. मात्र त्याच वर्षांत चीअरलीडरची तीच ती जोडी इतक्यांदा आली की मी चॅनेल बदलत असे, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. गतकाळातले निवडक दहा तुकडे स्मरणात ठेवायचे आणि त्यांची तुलना परवाच्या पूर्ण दीड तासाशी करायची, हा हिशेबच मुळात अन्यायाचा आहे.

मला खरी खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मंगळवारी रात्रभर जागून लिहिलेली प्रहसने बुधवारी सर्वांसमोर वाचली जातात, शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांपुढे रंगीत तालीम होते, तिथे जे पडते ते काढून टाकले जाते आणि उरलेले साडेअकराला थेट प्रक्षेपित होते. संवाद शेवटच्या घटकेपर्यंत बदलत असल्याने कलाकार फलकांवरून वाचतात. त्यांची नजर समोरच्या नटाऐवजी किंचित बाजूला का असते, हे कळायला मला बराच काळ लागला. एवढे करूनही एखादे प्रहसन कोसळतेच, आणि कार्यक्रम जिथून होतो त्या 8एच स्टुडिओतल्या शांततेत नट नेटाने शेवटपर्यंत जातो तेव्हा थेट कार्यक्रमाचा खरा थरार कळतो.

सर्वांत विक्षिप्त प्रहसने एकला दहा मिनिटे असताना येत, कारण तोवर बहुतेक लोक झोपलेले असत आणि लेखकांना कोणाची भीती उरलेली नसे. डोळे मिटत असताना पाहिलेला तो वेडेपणा दुसऱ्या दिवशी कोणाला सांगताच येत नसे. 2017 पासून कार्यक्रम साऱ्या अमेरिकेत एकाच वेळी थेट दिसू लागला आणि पश्चिम किनाऱ्यावर तो रात्री साडेआठला, चक्क जेवणाच्या वेळी, सुरू होऊ लागला. तेव्हाच त्यातली अर्धी रात्र गेली. उरलेली यूट्यूबच्या तुकड्यांनी नेली, कारण फसलेले प्रहसन सहसा कोणी कोणाला पाठवत नाही.

त्यामुळे हंगाम घसरल्याची तक्रार कोणी करू लागले की तो पूर्ण भाग पाहतो की तुकडे, एवढेच मी आधी विचारतो. तुकडे पाहणाऱ्याशी मी वाद घालत नाही. पूर्ण पाहणाऱ्याशी मात्र पहाटेपर्यंत भांडायची माझी तयारी असते.