रॉबिन्सनबाईंची ती रात्र

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नागरी हक्क लढ्यावरच्या पुस्तकांबद्दल लिहिताना मी मार्टिन ल्यूथर किंग यांना बाजूला सारलं आणि कुणाला ठाऊक नसलेल्या बायकांना मोठं केलं, असं तुम्ही म्हणता. शिवाय अलाबामातल्या जुन्या भांडणाशी मराठी वाचकाचं काय देणंघेणं, असंही विचारता.

आधी बायकांचं बोलते. जो अ‍ॅन रॉबिन्सन यांच्या आठवणींचं पुस्तक १९८७ साली आलं. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांच्या सरकारी कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली आणि त्याच रात्री बाई एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर बसल्या. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, मग कापून तीन पत्रकं. सोमवारी बसमध्ये चढू नका, एवढाच निरोप. अशी हजारो पत्रकं काढली, पहाटे कुणी कुठे वाटायची ते ठरवलं आणि आठ वाजता बाई वर्गावर हजर! नोकरी सरकारी, म्हणजे धोका केवढा, बघा.

हे काही एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. त्यांच्या महिला मंडळाने मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. किंग तेव्हा त्या शहरात स्थिरावलेही नव्हते. ५ डिसेंबरला सकाळी बस रिकाम्या धावल्या आणि दुपारी बहिष्कार चालवणाऱ्या नव्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून २६ वर्षांच्या किंग यांची निवड झाली. हा क्रम सांगितल्याने किंग लहान होतात, असं मला मुळीच वाटत नाही.

आता देणंघेणं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. गुलामी संपल्यावर दक्षिणेत कृष्णवर्णीयांना राज्यकारभार जमलाच नाही, असं तिकडच्या विद्यापीठांत शिकवलं जायचं. १९३५ मध्ये अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेचा इतिहास लिहून त्याला उत्तर दिलं ते याच ड्यू बॉइस यांनी. आपल्या थोरांनी ज्यांच्याशी नातं जोडलं, त्यांची पुस्तकं मला परकी वाटत नाहीत.

एका ठिकाणी मात्र तुम्ही बरोबर आहात. 'किंग नावापुरते पुढे होते' हे माझं वाक्य साफ चुकलं. ३० जानेवारी १९५६च्या रात्री त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा पत्नी आणि तान्ही मुलगी आत होत्या. बाहेर चिडलेला जमाव जमला, काहींच्या हातात हत्यारं होती. किंग सभेतून धावत आले, दोघी सुखरूप आहेत हे पाहिलं आणि त्याच मोडक्या ओसरीवर उभं राहून लोकांना शांतपणे घरी जायला सांगितलं. ते वाक्य मी काढून टाकलं आहे आणि त्या जागी ही ओसरी लिहिली आहे.